वुडलाउसला खरंच ओल हवी असते का? माझा प्रयोगाचा अनुभव

ओलसर पालापाचोळ्यातला दगड उचलला की चौदा पायांचे राखाडी जीव सैरावैरा पळतात, ते वुडलाउस. दिसायला किडे, पण नातं खेकडा-कोळंबीशी. श्वसनाचे अवयव पोटाखाली असतात आणि ते ओले राहिले तरच काम करतात. शिवाय कीटकांच्या अंगावर असतो तसा मेणाचा पक्का थर यांच्यावर नाही, त्यामुळे कोरड्या हवेत ते लवकर सुकतात. तेव्हा ते ओलीकडे जाणार हे उघडच वाटतं. मला ते मोजून बघायचं होतं.

साहित्य साधं होतं. झाकणाची एक गोल, पारदर्शक डबी घेतली, मधे जाळी बसवली. जाळीखाली एका अर्ध्या भागात ओला कापूस, दुसऱ्यात हवेतली ओल शोषून घेणारे सिलिका जेलचे दाणे. जाळी महत्त्वाची, कारण तिच्यामुळे पायाखालचा पृष्ठभाग दोन्हीकडे सारखाच राहतो आणि फरक फक्त हवेतल्या दमटपणाचा उरतो.

त्याआधी दोन्हीकडे ओला कापूस ठेवून एक नियंत्रण चाचणी घेतली. माझ्या मते सगळ्या प्रयोगातला हाच भाग सर्वांत मोलाचा. दहा जीव एकत्र सोडले, तर थोड्या वेळाने बहुतेक सगळे भिंतीलगत एकाच जागी, एकमेकांना चिकटून बसलेले! ओल दोन्हीकडे सारखी, तरी वाटणी पूर्ण एकतर्फी. ते एकमेकांच्या वासाने गोळा होतात. आता हेच दहा जण ओल्या-कोरड्या डबीत एका बाजूला जमले असते, तर ती दहा स्वतंत्र मतं धरायची की एकच? वाटणीतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासायला मी काय-स्क्वेअर चाचणी वापरणार होतो आणि ती प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे असं धरून चालते. म्हणून ठरवलं: एका वेळी एकच जीव, प्रत्येक वेळी नवा. मधे डबी पुसायची, म्हणजे आधीच्याचा वास राहणार नाही. दर खेपेला डबी अर्धी फिरवायची, म्हणजे खोलीतल्या उजेडाची दिशा निकालात मिसळणार नाही. जीव मधोमध सोडायचा, दहा मिनिटांनी डोकं ज्या बाजूला असेल ती बाजू लिहायची.

आकडेमोडही आधीच करून ठेवली. कार्ल पिअर्सनने १९०० मध्ये मांडलेली ही चाचणी हाताने जमते: प्रत्यक्ष संख्येतून अपेक्षित संख्या वजा करा, वर्ग करा, अपेक्षित संख्येने भागा आणि सगळ्या गटांची बेरीज घ्या. ४० जीव आणि आवडनिवड काहीच नाही, तर अपेक्षा २०-२०. २६-१४ अशी वाटणी आली तर उत्तर ३.६, २७-१३ आली तर ४.९. दोन गटांसाठी ५ टक्के पातळीची सीमा ३.८४, म्हणजे आवडनिवड नसताना निव्वळ योगायोगाने उत्तर याच्या वर साधारण शंभरात पाचच वेळा जातं. म्हणजे २६ ला गप्प बसायचं, २७ ला बोलायचं. ही रेघ निकाल दिसायच्या आधी आखलेली बरी. नंतर मन आपल्याला हवं तिकडे झुकतं.

ओल्या बाजूचा आकडा २७ च्या बराच पुढे गेला. पण त्याहून जास्त रमलो ते चाल बघण्यात. कोरड्या बाजूला जीव मिशा आपटत, भिंत धरून भराभर चालायचा. जाळीची मधली रेघ ओलांडून दमट बाजूला आला की वेग मंदावायचा, मग थांबायचाच. पुष्कळदा ओल समोर असूनही तो उलट दिशेने जायचा. म्हणजे तो ओलीकडे नेम धरून जात नव्हता. कोरड्यात पळायचा, ओलीत थांबायचा, एवढ्यानेच शेवटी गर्दी ओलीत होते. प्राणिशास्त्रात याला कायनेसिस म्हणतात. निव्वळ बाजू मोजून हे कळलं नसतं. म्हणून पारदर्शक झाकणावर चौकोन आखून मिनिटाला किती चौकोन ओलांडले तेही मोजायला लागलो.

त्यानंतर उजेड-अंधार. दोन्हीकडे ओल सारखी, अर्धं झाकण काळ्या कागदाने झाकलेलं, दिवा थंड आणि लांब, नाहीतर उष्णतेने एक बाजू सुकते. अंधाराकडे कल दिसला, पण २७ गाठले नाहीत. वहीत ‘आवड नाही’ असं लिहिलं नाही. ‘४० जीवांत दाखवता आली नाही’ असं लिहिलं. ४० असताना सीमा ओलांडायला साधारण दोन तृतीयांश जीव एका बाजूला लागतात. १०० असतील तर ६० पुरतात. अंधाराची चाचणी आता नव्या १०० जीवांवर घेतोय.