इंदूरची काळी माती आणि कार चार्जरचं अर्थिंग

घराबाहेर इलेक्ट्रिक गाडीसाठी चार्जिंग पॉइंट घ्यायचा म्हटलं की चर्चा होते ती चार्जर कुठला घ्यावा याची. आधी अर्थिंग बघा. माळव्याची काळी माती पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा अर्थिंगचं माप झकास येतं. मे महिन्यात तीच माती आक्रसते, भेगाळते आणि रॉडपासून सुटते. म्हणून मोजणी उन्हाळ्यातच करून घ्या. अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत हवा. ३ मीटरचा कॉपर बाँडेड (तांब्याचा थर दिलेला) रॉड, भोवती बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमाती), वर झाकणाचा चेंबर, उन्हाळ्यात अधूनमधून पाणी. जुन्या पद्धतीचं मीठ-कोळशाचं अर्थिंग स्वस्त पडतं, पण मीठ वाहून जातं आणि त्यातला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप गंजतो.

अर्थ कच्चा असला की चार्जर लाल दिवा दाखवून बंद पडतो. मग एखादा वायरमन सॉकेटमागे न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो आणि गाडी चार्ज व्हायला लागते! हा जुगाड जीवघेणा आहे. मागे कुठे न्यूट्रल तुटली तर फेज चार्जरमधून फिरून थेट गाडीच्या पत्र्यावर येतो. जोड आरसीसीबीच्या (गळती दिसताच वीज तोडणाऱ्या स्विचच्या) आधी, मीटरच्या बाजूला केलेला असेल, तर आरसीसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

वायरिंग मेन बोर्डापासून स्वतंत्रच ओढा. ३.३ किलोवॉटच्या चार्जरला ४ चौरस मिमी तांबं आणि २० अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह झाला की पडणारा स्विच) पुरतो. ७.४ किलोवॉटचा चार्जर तासन्‌तास ३२ अँपिअर ओढतो, एमसीबी ४०चा लागतो. ६ चौरस मिमीची पीव्हीसी वायर ३० अंशाला हे जेमतेम झेलते. पश्चिमेच्या भिंतीवर, उन्हात तापलेल्या पाइपात नाही. तिथे १० घ्या, फरकाचे पैसे वसूल होतात.

आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा, टाइप ए. दुकानदार बहुधा टाइप एसी (फक्त एसी गळती ओळखणारा) पुढे करतो. तो घेऊ नका. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय नसेल, तर टाइप बी लागतो, आणि तो महाग आहे.

घरगुती १६ अँपिअरच्या सॉकेटऐवजी निळं इंडस्ट्रियल सॉकेट लावा, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. पेटी आयपी६५ची (धूळ-पाणी आत न येणारी), केबल खालून ग्लँडमधूनच (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुशमधूनच) आत. वरून भोक पाडलं की पहिल्याच पावसात पाणी टर्मिनलवर.

पहिल्या चार्जिंगला तासाभराने प्लगला हात लावून बघा. चटका बसला तर मेन बंद करून टर्मिनल तपासा, बहुतेक वेळा स्क्रू ढिला असतो. महिन्याभराने सगळे स्क्रू परत कसून घ्या. वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्ज मात्र वायरिंगच्या आधीच करा.