हयातीचा दाखला

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार, रात्री

आज सकाळी आबांच्या मोबाइलवर संदेश आला. तो मोबाइल अजून देवघराशेजारच्या फळीवर असतो आणि आई तो रोज चार्जिंगला लावते. का लावते, हे मी तिला विचारलेले नाही. संदेश दोन ओळींचा होता: निवृत्तिवेतन चालू राहावे यासाठी आपला हयातीचा दाखला महिनाअखेरपर्यंत सादर करावा. मृत्यूचा दाखला आम्ही मार्चमध्येच दिला, त्याची पोच माझ्याजवळ आहे, आईचे कुटुंब निवृत्तिवेतनही सुरू झाले आहे. तरी कुठल्याशा यादीत त्यांचे नाव राहून गेले असणार. त्या चुकीचा मला राग आला नाही. मला बोचतो आहे तो गेल्या वर्षीचा नोव्हेंबर.

आबा १९८५ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले आणि तेव्हापासून ३९ वेळा ते हा दाखला द्यायला स्वतः गेले. आदल्या रात्री बुटांना पॉलिश होत असे. पॉलिशच्या डबीच्या झाकणात पाण्याचे चार थेंब, दोन बोटांना घट्ट गुंडाळलेली जुन्या धोतराची चिंधी, आणि बुटाच्या टोकावर रुपयाएवढी लहान वर्तुळे, दिव्याचे प्रतिबिंब दिसेपर्यंत. सकाळी गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा, आणि बँक उघडण्याच्या अर्धा तास आधी दारात.

गेल्या वर्षी त्यांचा गुडघा फार दुखत होता. मी म्हटले, आता जायची गरज उरलेली नाही. जीवन प्रमाणची, म्हणजे घरबसल्या डिजिटल दाखला देण्याची, सोय २०१४ पासून आहे आणि २०२१ पासून तर मोबाइलला नुसता चेहरा दाखवला की काम होते. ते म्हणाले, "हजेरी ज्याची त्याने द्यायची असते." मी ते हट्टीपणात जमा केले. मला दुपारची पुण्याची गाडी गाठायची होती. त्यांनी दाढी करण्यापुरता वेळ मागितला तेव्हाही मी घड्याळ पाहिले. मग ते खाटेवर ताठ बसले. पापणी मिटा, अशी सूचना येत होती आणि ते डोळे रोखून समोर पाहत राहिले, कारण समोर कोणी पाहत असताना पापणी न हलवण्याची सवय बेळगावच्या सेंटरात रंगरूट असताना लागली ती कायमची. चौथ्या वेळी जमले.

"झाले?" त्यांनी विचारले.

"झाले."

"एवढेच?" आणि थोड्या वेळाने, "बाकीचे भेटले असते."

हे शेवटचे वाक्य मी त्या दिवशी ऐकले आणि ऐकलेही नाही. बाकीचे म्हणजे कोण, हे मला ठाऊक होते. २०१६ साली मी त्यांना गाडीने सोडायला गेलो होतो, तेव्हा त्या रांगेत जंगी पलटणीचे, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, सात जण होते. जमालपूर, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातले त्यांच्या लढाईचे ठिकाण, हा शब्द आमच्या घरात कधी उच्चारला जात नसे. तो त्या रांगेत उच्चारला जात असे. डिसेंबर १९७१, ब्रह्मपुत्रेच्या काठची थंडी, ब्रिगेडियर क्लेर यांनी पाकिस्तानी कमांडरला शरण येण्यासाठी पाठवलेली चिठ्ठी, आणि उत्तरादाखल कागदात गुंडाळून आलेली गोळी. एक जण हे रंगवून सांगत होते. आबांनी त्यांना मध्येच थांबवले आणि म्हणाले, "चिठ्ठी नेणारा तो मुक्तिवाहिनीचा माणूस जिवंत परत आला, हे आधी सांग." युद्धाविषयी त्यांच्या तोंडून मी प्रत्यक्ष ऐकलेले वाक्य एवढे एकच. १० डिसेंबरच्या रात्री शत्रूची फौज जमालपुरातून बाहेर पडू लागली आणि थेट आपल्या पलटणीवर येऊन आदळली. त्या रात्री बावीस वर्षांचे आबा कुठे होते, हे मला कोणी सांगितले नाही. यापुढे कोण सांगणार, या विचाराने मी आज दुपारपर्यंत स्वतःचीच कीव करत बसलो होतो.

आई मात्र तयार होऊन उभी होती. तिचा स्वतःचा दाखला यंदा पहिल्यांदाच द्यायचा होता आणि मोबाइलचे नाव तिने काढू दिले नाही.

रांगेत आता दोघेच उरले आहेत. त्यांनी आईला पुढे घेतले आणि मला विचारले, आबा गेल्या वर्षी का आले नाहीत? आम्ही बारापर्यंत थांबलो होतो. मला बोलता येईना. आईनेच सांगितले की गुडघा धरला होता, म्हणून याने घरीच मोबाइलवर केले, पण ते दाढी करून बसले होते. त्यावर त्यांतले थोरले हसले आणि म्हणाले, "दाढी केली होती ना? मग लागली हजेरी." ते माझे समाधान करण्यासाठी म्हणाले असतील. मी ते घेतले. दिलेले घ्यावे, एवढे वय आता माझेही झाले आहे.

निघताना मी त्यांना विचारले, एखाद्या रविवारी घरी येऊ का? या म्हणाले, पण जेवायला या.

नाव कमी करण्यासाठी उद्या पुन्हा अर्ज करायचा आहे. त्यात आबांचा फौजी क्रमांक लागतो. कागद शोधावे लागले नाहीत. त्यांच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात तो लिहिलेला आहे आणि शाळेत असताना त्याच ट्रंकेवर वही ठेवून मी अभ्यास करत असे. आता लिहायला घेतला तर शेवटच्या आकड्यापर्यंत न अडखळता आला.