तान्ह्या बाळाची टोपी : ७२ टाक्यांचा हिशोब

थंडी सुरू झाली की लोकरीच्या दुकानात एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "बाळाच्या टोपीला किती टाके घालू?" कुणी ६० सांगतं, कुणी ८०, आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात. डोक्याचं माप एक झालं, पण लोकरीची जाडी, सुई आणि विणणारीचा हात या तिन्हींनी टाक्यांचा आकडा बदलतो. म्हणून आधी हिशोब करायचा, मग टाके घालायचे.

पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३६ सेंटिमीटर असतो. टोपी नेमकी त्याच मापाची विणली तर ती डोळ्यांवर उतरते, कारण विणलेलं कापड ताणलं जातं. म्हणून घेर दोनेक सेंटिमीटर कमी धरायचा. टोपी ३२-३३ सेंटिमीटरची विणली की बरोबर बसते.

आता नमुना. याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, पण टोपी उसवावी लागते ती बहुतेक वेळा इथेच. ३० टाके घाला आणि एक सुई सुलट, एक सुई उलट अशा ४० सुया विणा. (नव्याने शिकणाऱ्यांसाठी : 'एक सुई' म्हणजे एक ओळ. हातातल्या सुया दोनच!) टाके बंद करून तुकडा धुवा, न ताणता सपाट वाळवा आणि मग मधोमध पट्टी ठेवून १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. कडेचे टाके मोजू नका, ते नेहमी वेडेवाकडे असतात. अर्धा टाका आला तर तोही धरा. मध्यम जाडीच्या, म्हणजे डबल निटिंग लोकरीवर ४ मिलिमीटरच्या सुईने साधारण २२ टाके आणि ३० सुया येतात. तसं असेल तर ७२ टाक्यांचा घेर ३२.७ सेंटिमीटर होतो. हात सैल असेल आणि २० टाकेच आले, तर त्याच ७२ टाक्यांचा घेर ३६ होतो. नमुन्यात दोन टाक्यांचा फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण टोपी पुढच्या मापाची होऊन बसते. अशा वेळी टाके बदलू नका, सुई बारीक घ्या.

सुईच्या नंबराचा घोळ इथेच निस्तरलेला बरा. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात आणि नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५. अमेरिकन नंबर उलटे चालतात, त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. परदेशी व्हिडिओ बघून '८ नंबर' घेतली की टोपी घट्ट होते आणि आपण लोकरीला दोष देतो. मिलिमीटरचा आकडा बघा, तो सगळीकडे सारखाच असतो.

लोकरीबद्दल थोडं सविस्तर. दुकानात 'लोकर' म्हणून जे मिळतं ते बरेचदा अ‍ॅक्रिलिक असतं. ते वाईट मुळीच नाही. स्वस्त आहे, रंग टिकतो, मशीनमध्ये धुता येतं. फक्त काय घेतोय ते कळायला हवं. लेबल नसलेली लडी असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून पेटवा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते, ज्योत बाजूला नेली की विझते आणि राख बोटांत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो. सुताला कागद जळल्याचा वास येतो. अ‍ॅक्रिलिकच्या टोपीवर इस्त्री कधीही फिरवू नका. बॉर्डरची लवचीकता एकदा गेली की परत येत नाही. आणि दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी उत्तम असली तरी बाळाच्या कपाळाला ती टोचते, तिचा मोह टाळा.

'४ प्लाय', '८ प्लाय' या शब्दांवर फार विसंबू नका. प्लाय म्हणजे धाग्यात किती पदर पिळलेत तो आकडा. पदरच जाड असेल तर चार पदरी धागाही जाडच होणार. घरी जाडी मोजायची तर पट्टीवर धागा न ताणता, वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळा. अडीच सेंटिमीटरमध्ये ११ ते १४ वेढे बसले तर ही टोपी त्या धाग्यावर होईल. एका टोपीला २५ ते ३० ग्रॅम पुरतात. सेट करायचा असेल तर सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे घ्या. दोन लॉटमधला रंगाचा फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, दारात उन्हात नेऊन बघा.

आता विणायला घ्या. शिवणीसाठी दोन टाके जास्त धरून ७४ टाके घाला. घालताना ८ नंबरची सुई वापरा आणि बॉर्डर १० नंबरवर विणा. बारीक सुईवर घट्ट टाके घातले की कड ताणत नाही, कपाळावर वळ उठतो, आणि हा दोष टोपी पूर्ण होईपर्यंत लक्षातही येत नाही. पहिली सुई २ सुलट, मग (२ उलट, २ सुलट) शेवटपर्यंत. दुसरी २ उलट, मग (२ सुलट, २ उलट). अशा १२ सुया. दोन्ही टोकांना दोन-दोन सुलट राहतात, त्यातला एकेक शिवणीत जातो आणि उरलेल्या दोघांची जोडी बॉर्डरमध्ये मिसळून जाते.

मग ८ नंबरच्या सुयांवर एक सुई सुलट, एक सुई उलट, सुरुवातीपासून ९ सेंटिमीटर होईपर्यंत. मोजताना टोपी सपाट ठेवा, सुईला लटकवून मोजू नका. उलट सुई संपवून थांबा आणि बोथट सुईने सगळ्या ७४ टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा शिलाईचा दोरा ओवून ठेवा. पुढे शेंड्यात, म्हणजे टोपीच्या वरच्या निमुळत्या भागात, गडबड झाली तर उसवताना या दोऱ्यापाशी टाके आपोआप थांबतात.

शेंडा : १ सुलट, (७ सुलट, २ एकत्र) आठ वेळा, १ सुलट. '२ एकत्र' म्हणजे दोन टाके मिळून एकच सुलट विणायचा. ६६ टाके उरतात. पुढची सुई सगळी उलट. मग कंसातले ७ चे ६ करा, पुन्हा उलट सुई, मग ५, असं प्रत्येक सुलट सुईत एकेक कमी करत जा. शेवटच्या सुलट सुईत कंसात फक्त '२ एकत्र' राहतं आणि सुईवर १० टाके उरतात. ४५ सेंटिमीटर धागा ठेवून कापा, बोथट सुईने दहाही टाक्यांतून दोनदा ओवून घट्ट ओढा आणि त्याच धाग्याने शिवण घाला. टोपीची सुलट बाजू वर ठेवून, कडेच्या पहिल्या आणि दुसऱ्या टाक्यामधल्या आडव्या पायऱ्या एकदा या बाजूच्या, एकदा त्या बाजूच्या उचला. चार-पाच पायऱ्या झाल्या की हलकेच ओढा. शिवण डोळ्यांदेखत मिटत जाते, दोन कडा एकमेकींत शिरतात आणि जोड शोधावा लागतो.

टाके अचानक ७५ किंवा ७६ झाले तर सुईची सुरुवात तपासा. धागा सुईवरून मागे ओढला गेला की पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि आपण ते दोन टाके समजून विणतो. विणीत आडवे पट्टे दिसत असतील तर उलट सुया सुलटपेक्षा सैल पडताहेत. उलट सुईसाठी ९ नंबर हातात घ्या, पट्टे जातात. टाका सुटून खाली शिडी झाली तर घाबरू नका. क्रोशाच्या सुईने, सुलट बाजूने, एकेक पायरी टाक्यातून ओढून घेत वर या. एकही पायरी सोडू नका.

मैत्रिणी जमून रुग्णालयातल्या बाळांसाठी टोप्या विणत असतील तर थोडं वेगळं गणित लागतं. कमी दिवसांच्या बाळांना कांगारू पद्धतीने आईच्या उघड्या छातीशी ठेवतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटामध्ये ही पद्धत सुरू झाली. त्यात बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपी एवढंच असतं, त्यामुळे टोपी नीट बसणं फार महत्त्वाचं. ६६ टाके घातले तर घेर २९ सेंटिमीटर येतो, ५८ घातले तर २५.५. दोन्हींत शिवणीचे दोन धरलेले आहेत आणि बॉर्डर तशीच बसते. शेंड्याला ६६ साठी कंसात ६ पासून, ५८ साठी ५ पासून सुरुवात करा. उंचीही एकेक सेंटिमीटरने कमी करत जा.

वॉर्डातले कपडे कडक गरम पाण्यात धुतले जातात. अ‍ॅक्रिलिकचा आकार त्यात बिघडतो, म्हणून सुती धागा घ्या. सूत लोकरीसारखं ताणून परत येत नाही, तेव्हा घेर एखादाच सेंटिमीटर कमी ठेवा. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी ७८ टाके घाला आणि शेंड्याआधीच्या उलट सुईत सारख्या अंतरावर ४ कमी करून ७४ वर या. गोंडे, मणी, बटणं, रिबिनी काही लावू नका. आतल्या बाजूला धाग्याची टोकं किंवा सैल फास राहू देऊ नका. टोपीपेक्षा मोज्यांत हे जास्त घातक, कारण सुटा धागा बाळाच्या बोटाभोवती आवळला तर रक्त थांबतं. मोजे उलटे करून आत बोट फिरवा, काही अडकलं तर ते टोक पुन्हा ओवून घ्या. देण्याआधी सगळं एकदा धुवा आणि प्रत्येक टोपीला चिठ्ठी लावा : घेर किती, धागा कोणता, कसं धुवायचं. मापं कोणती हवीत हे मात्र वॉर्डातल्या सिस्टरना आधी विचारा, कारण मोठ्या टोप्यांचा ढीग पडलेला असतो आणि २५ सेंटिमीटरची एकही सापडत नाही.