आमची वाटचाल: ग्रील, गेट आणि फिरणारी पृथ्वी

भांडुपला एलबीएस रोडच्या आतल्या गल्लीत आमचा गाळा आहे, बाबांनी सुरू केलेला, तेव्हा ग्रील, गेट, जिन्याचे कठडे एवढंच. मी आल्यावर स्टेनलेस स्टीलचं काम वाढलं आणि एक दिवस एका आर्किटेक्टने विचारलं, चौकात लावायला आठ फुटी फिरणारा पृथ्वीगोल कराल का? बाबा म्हणाले हो म्हण, बाकीचं बघू.

तेव्हापासून वेड लागलंय. आठ फुटी गोलावर मुंबई ते दिल्ली जेमतेम एक वीत येते, आणि एव्हरेस्ट पावणेदोन मिलीमीटरसुद्धा नाही, म्हणजे आम्ही ज्यातून खंड कापतो तो दोन एमएमचा पत्रा एव्हरेस्टपेक्षा जाड! त्या रात्री जेवताना घरात सगळ्यांना हेच सांगत होतो.

पहिल्या गोलाची ट्रायल घेतली, मस्त फिरला, पोरं ओरडायला लागली, फक्त मिस्त्री काका गप्प. म्हणाले, "दादा, हा पूर्वेकडून पश्चिमेला चाललाय रे, असा सूर्य पश्चिमेला उगवेल." थ्री फेज मोटर, दोन वायरी बदलल्या की काम झालं, पण ते काकांनी पाहिलं म्हणून.

दुसरा धडा महाग पडला. समुद्राजवळच्या एका चौकासाठी 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील वापरलं, एका पावसाळ्यात तपकिरी डाग. चूक आमचीच, स्वखर्चाने 316 मध्ये पुन्हा केलं, त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, खाऱ्या हवेत टिकतं. आता खाडीकाठालाही तेच.

बरेच जण म्हणतात आस सरळ उभी ठेवा, स्वस्तात होईल. होईल, कारण गोल खऱ्या पृथ्वीसारखा साडेतेवीस अंश कलला की वजन बाजूनेही येतं, दोन्हीकडचं वजन पेलणारी टेपर रोलर बेअरिंग लागतात, पण सरळ गोल आम्ही करत नाही, चौकात शाळेची मुलं बघतात.

अमेरिकेत यार्मथला 1998 चा 41 फुटी फिरणारा गोल आहे, पण काचेच्या इमारतीत. आपल्याला जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, म्हणून बेअरिंगला डबल सील आणि खाली पाणी निघायला भोक ठेवतोच.

सध्या गाळ्यात दहा फुटी आहे. आशिया टॅक मारून, म्हणजे वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांनी, बसवून झाला, ऑस्ट्रेलिया बफिंगला, म्हणजे घासून चमकवायला. पावसाच्या आधी उभा करायचाय.