संपावर नसलेली असिस्टंट

फ्रान्समधल्या सरकारी शाळांत इंग्रजीचे असिस्टंट म्हणून दरवर्षी भारतातूनही काही जण जातात. करार ऑक्टोबर ते एप्रिल असा सात महिन्यांचा, आठवड्याला १२ तास काम. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकत होते तेव्हा मीही अर्ज केला आणि २०१९च्या ऑक्टोबरात ल प्वी-आँ-व्हले नावाच्या गावात जाऊन पडले. गावाच्या मधोमध ज्वालामुखीच्या खडकाचे सुळके उभे आहेत. त्यातल्या एकावर दहाव्या शतकातलं चर्च आहे, वर जायला २६८ पायऱ्या. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला भूगोल तरी परका वाटू नये, असं गाव. शिवाय इथली हिरवी मसूर साऱ्या फ्रान्सात प्रसिद्ध, त्यामुळे आमटीची सोय झाली.

बाकी सोयी मात्र एकमेकींत अडकलेल्या होत्या. पगार हवा तर फ्रेंच बँकेत खातं हवं, खात्यासाठी पत्त्याचा पुरावा हवा, आणि घरमालकाला पगाराची स्लिप हवी. शाळेच्या वसतिगृहात मला एक खोली मिळाली, म्हणून ही साखळी तुटली. स्टाफरूममध्ये आणखी वेगळी पंचाईत. माझ्या मार्गदर्शक बाई माझ्या आईपेक्षा मोठ्या, आणि पहिल्याच दिवशी म्हणाल्या, मला नावाने हाक मार आणि ‘तू’ म्हण. मी महिनाभर त्यांचं नाव न घेता, कर्ता टाळून वाक्यं बोलत होते.

पण सांगायचं आहे ते ५ डिसेंबरचं. पेन्शनच्या सुधारणेविरुद्ध त्या गुरुवारी देशभर संप होता. फ्रान्समध्ये तेव्हा पेन्शनच्या ४२ वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. त्या मोडून सगळ्यांना गुणांवर आधारलेली एकच पद्धत लावायची, असा सरकारचा बेत होता. आठवडाभर आधीपासून स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. तरी कोण येणार, कोण नाही, हे कुणी सांगत नव्हतं. प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना संपावर जायचं तर ४८ तास आधी कळवावं लागतं, माध्यमिकच्या शिक्षकांना ते बंधन नाही. मला तर असिस्टंटलाही संपाचा हक्क असतो, हेसुद्धा त्याच आठवड्यात कळलं. किंमतही कळली. सरकारी नोकर एक तास जरी संपावर गेला तरी महिन्याच्या पगाराचा तिसावा भाग कापला जातो. माझ्या हातात ७८० युरोंच्या आसपास यायचे. म्हणजे २६ युरो गेले असते, माझ्या आठवड्याच्या भाजी-किराण्याचे पैसे. आणि देश परका, व्हिसा नवा. मी कामावर गेले.

स्टाफरूममध्ये कॉफीचं मशीन चालू होतं आणि भूगोलाचे एक सर पेपर तपासत बसले होते. इंग्रजीचं कुणीच नाही. तेवढ्यात उपमुख्याध्यापक आले. अतिशय नम्रपणे त्यांनी विचारलं, दहा वाजताचा दहावीचा वर्ग घ्याल का? तीसेक मुलं आहेत, वर्ग तुम्हाला ओळखतो.

वर्ग बाईंचा होता. असिस्टंट हा शिक्षकाचा बदली माणूस नव्हे, हे आम्हाला सुरुवातीलाच सांगितलेलं होतं. पण नियमाहून मला दुसरंच टोचत होतं. आमच्या घरात संप म्हटलं की गिरणी संप आठवतो. १९८२च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आजोबा होते. संप फोडणाऱ्यांबद्दल ते काय बोलायचे, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी बाईंना मेसेज केला. उत्तर लगेच आलं: तुझा निर्णय, माझा राग नाही. असं उत्तर आलं की निर्णय सोपा होत नाही, उलट अंगावर पडतो.

मी साहेबांना म्हटलं, माझं काम शिक्षकाबरोबरचं आहे, शिक्षक नाहीत तर वर्ग मी एकटी घेणार नाही. पण माझ्या तासांपुरती मी लायब्ररीत बसते, ज्यांना इंग्रजीत बोलायचं आहे त्यांनी यावं. ते ‘ठीक आहे’ म्हणाले आणि निघून गेले. लायब्ररीच्या बाई कामावर होत्या, त्यामुळे मुलांवर लक्ष ठेवायलाही कुणीतरी होतं.

आठ-नऊ मुलं आली. एरवी ही मुलं माझ्यासमोर हूं की चूं करत नसत. दिवाळीची चित्रं दाखवून झाली, क्रिकेट समजावून झालं, प्रतिसाद शून्य. त्या दिवशी मी फक्त एवढंच विचारलं, हा संप कशासाठी आहे, मला कुणी सांगेल का? आणि त्यांना थांबवणं कठीण झालं. एकाचा मामा रेल्वेचा ड्रायव्हर, पन्नाशीच्या सुरुवातीला निवृत्त होणारा. त्याच्यासमोर शेतकऱ्याचा मुलगा. त्याचं म्हणणं, माझे बाबा रेल्वेवाल्यांपेक्षा जास्त राबतात, पेन्शन चिमूटभर, आणि संपावर जायची सोय नाही, गायींना संप कळत नाही. एका मुलीची आई इस्पितळात मदतनीस. ती दोघांवरही चिडली. क्रियापदांचा पार चुराडा होत होता, मध्येच फ्रेंच घुसत होतं. मी एकही चूक दुरुस्त केली नाही. मग आदल्या वर्षीचं निघालं. १ डिसेंबर २०१८ला, इंधनावरच्या करावरून उठलेल्या पिवळ्या जॅकेटवाल्यांच्या आंदोलनात, याच गावातल्या प्रीफेक्चरला, म्हणजे सरकारच्या जिल्हा कार्यालयाला, आग लावली गेली होती. तिथे आपण होतो की नव्हतो, हे सांगायला सगळे फार उत्सुक होते. त्यातलं निम्मं मी खरं मानलं नाही.

दुपारी प्लास द्यू ब्रयवर मोर्चा पाहायला गेले. बाईंच्या हातात युनियनचा झेंडा होता. मला पाहताच त्यांनी गालाला गाल लावले आणि चार लोकांना ओळख करून दिली: ही आमची असिस्टंट, संपावर नाही. सगळे हसले. त्या हसण्यात टोमणा किती होता, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

ती सुधारणा पुढे २०२०च्या मार्चमध्ये कोरोनामुळे स्थगित झाली, शाळाही बंद पडल्या. मी परत आले. २०२३ला फ्रान्स सरकारने निवृत्तीचं वय ६२वरून ६४ करायला घेतलं, आणि नेमक्या त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाराष्ट्रात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत सरकारी कर्मचारी संपावर गेले. माझी ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत २००८ला लागलेली, म्हणजे ठरावीक रकमेची हमी नसलेल्या नव्या पेन्शनवाली. तिने साताऱ्याच्या मोर्चाचा फोटो पाठवला, तो मी बाईंना पाठवला. त्यांनी लगेच विचारलं, तुमच्याकडे निवृत्ती कितव्या वर्षी?

अठ्ठावन्न, मी लिहिलं.

मग तुम्ही संप कशासाठी करता, असं त्यांनी तीन प्रश्नचिन्हं देऊन विचारलं. मी ते ताईला वाचून दाखवलं. ताई म्हणाली, “त्यांना म्हणावं, घरी लवकर पाठवतात गं, पण घरी बसून खायचं काय ते सांगत नाहीत.”