शूटिंगच्या आधीची एक ओळ : आमची वाटचाल

अमळनेरला आमचं छोटं ऑफिस आहे, खाली चहाची टपरी नि वर दोन खोल्या, एकीत शूटिंग, दुसरीत एडिटिंग. आम्ही तिघं. मी, माझा मावसभाऊ, तो कॅमेरा बघतो, आणि एक मॅडम ज्यांनी बरीच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय. आज आम्ही फक्त शिकवायचे व्हिडिओ करतो, शाळेचे आणि शेतीचे, आणि शूटिंगच्या आधी बघणारा काय करून दाखवेल याची एक ओळ लिहितो. पण सुरुवात तिथून नव्हती.

मूळ धंदा लग्नाच्या शूटिंगचा. २०२० ला लॉकडाऊन लागला आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सगळ्या तारखा गेल्या, लोकांनी ॲडव्हान्स परत मागितले नि त्यांचंही बरोबरच होतं, कॅमेऱ्याचे हप्ते मात्र चालूच. शाळा बंद होत्या, शिक्षक लोकं घरातल्या भिंतीवर फळा लावून मोबाईलवर शूट करत होते, ओळखीतल्या एका सरांनी विचारलं की तुमच्याकडे लाईट आहे माईक आहे, आमचे पाच-सहा धडे करून द्याल का. तिथून कामं यायला लागली, एकानं दुसऱ्याला सांगितलं, बघता बघता लग्नाच्या ऑर्डरी मागे पडल्या.

पहिलं दीड वर्ष आम्ही चांगले व्हिडिओ करतोय असंच वाटायचं. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, ग्राफिक्स झकास. क्लायंट खूश. बघणारा काय शिकला हे आम्ही कधी कुणाला विचारलंच नाही, ते आपलं काम आहे हेच डोक्यात नव्हतं.

मग गुलाबी बोंडअळीचं काम आलं. २०१७ ला या अळीनं महाराष्ट्रात कपाशीचं किती नुकसान केलं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. एका शेतकरी गटाला व्हिडिओ हवा होता. आम्ही जीव ओतून १४ मिनिटांचा केला, ड्रोन, अळीच्या सगळ्या अवस्था, बीटी बियाण्याचा इतिहास, दोन मान्यवरांचं मनोगत, सगळं त्यात. पारोळा तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या पारावर प्रोजेक्टर लावून दाखवला. टाळ्या पडल्या. नंतर एक बाबा जवळ आले, माझ्या वडिलांच्या वयाचे, म्हणाले, "व्हिडिओ भारी शे भाऊ, पन मी आते करू काय?"

मला उत्तर देता आलं नाही. १४ मिनिटांत सगळं होतं, फक्त उद्या सकाळी शेतात जाऊन काय करायचं तेवढं नव्हतं. घरी येताना गाडीत आम्ही दोघं भाऊ काहीच बोललो नाही.

त्याच सुमारास मॅडम आमच्याकडे यायला लागल्या होत्या, आधी फक्त स्क्रिप्ट तपासायला. त्यांना ही गोष्ट सांगितली तर त्यांनी घरून जुनी पाठ टाचणाची वही आणली, अध्यापक विद्यालयातली. डावीकडे उद्दिष्ट, समोर स्पष्टीकरणं. उद्दिष्ट 'आकलन', पुढे 'विद्यार्थी दोन अपूर्णांकांतला फरक सांगतो', 'विद्यार्थी चूक ओळखतो व दुरुस्त करतो'. त्या म्हणाल्या आम्ही हे पानंच्या पानं लिहायचो, तेव्हा कटकट वाटायची, पण यातलं शेवटचं क्रियापद बघा, सगळी डोळ्यांना दिसणारी आहेत. सांगतो, ओळखतो, मोजतो, दुरुस्त करतो. तुमच्या बोंडअळीच्या स्क्रिप्टवर काय लिहिलंय? 'शेतकऱ्यांमध्ये जागृती निर्माण करणे.' जागृती झाली की नाही हे तुम्ही कशावरून ओळखणार?

मग आम्ही तिघांनी जरा वाचायला घेतलं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ मध्ये मांडलेली शिकण्याची उतरंड, जी २००१ मध्ये सुधारली, त्यात लक्षात ठेवणे, समजणे, वापरणे इथपासून नवीन तयार करणे इथपर्यंत सहा पायऱ्या आहेत. आणि रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये सांगितलेले उद्दिष्टाचे तीन भाग, शिकणारा काय करून दाखवेल, कुठल्या परिस्थितीत, आणि किती बरोबर आलं म्हणजे चालेल. मला हे तीन प्रश्न फार आवडले कारण ते थेट आमच्या धंद्याला लागू पडतात. आम्ही त्यात चौथा जोडला, कोण? म्हणजे बघणारा नेमका कोण आहे.

हे चार प्रश्न एका कागदावर लिहिले आणि बोंडअळीचा व्हिडिओ त्या कागदावरून पुन्हा केला, स्वतःच्या पैशानं, कारण त्या बाबांचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. ओळ अशी लिहिली : 'कपाशीला बोंडं लागलेल्या शेतात शेतकरी एका एकरातून २० हिरवी बोंडं तोडून फोडेल, किडकी मोजेल, आणि फवारणीची वेळ आली की नाही ते स्वतः ठरवेल.' २० पैकी २ बोंडांत अळी सापडली म्हणजे १० टक्के, म्हणजे नुकसानीची पातळी गाठली, हा हिशोब कृषी विभाग नेहमी सांगतो. बोंड फोडावंच लागतं कारण ही अळी आत असते, वरून बोंड चांगलं दिसतं. एवढी एक ओळ लिहिल्यावर स्क्रिप्ट आपोआप आटलं. इतिहास गेला, मनोगत गेलं, ड्रोन गेला. राहिले दोन हात, एक पिशवी आणि बोंडं. साडेचार मिनिटं.

कामगंध सापळ्यांचा, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणाऱ्या सापळ्यांचा, वेगळा व्हिडिओ केला, हेक्टरी ५ सापळे लावायचे नि सलग तीन रात्री सापळ्यात ८ च्या वर पतंग आले तर काय करायचं एवढाच. डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमलता गुलाबासारखं मिटून राहिलेलं फूल, ओळखायचा तिसरा. आधी हे सगळं एकात कोंबलेलं होतं.

पण खरी गंमत पुढे आहे. कच्चा व्हिडिओ घेऊन आम्ही पाच शेतकऱ्यांकडे गेलो, दाखवला, आणि म्हटलं आता करून दाखवा, आम्ही बोलणार नाही. पाचांपैकी चौघांनी बांधालगतच्या ओळीतूनच २० बोंडं तोडली. चूक त्यांची नव्हती, आमच्या व्हिडिओत मावसभावानं कॅमेरा बांधावर लावला होता म्हणून तोडणारा माणूसही तिथेच दिसत होता! शेतात नागमोडी फिरून सगळीकडची बोंडं घ्यायची असतात हे आम्ही तोंडी सांगितलं होतं पण दाखवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो एक शॉट पुन्हा घेतला. कागदावर 'शेतकऱ्याला नमुना घेण्याची माहिती होईल' असं लिहिलं असतं तर ही चूक आम्हाला जन्मात कळली नसती.

शाळेच्या कामातही तसंच झालं. पाचवीचे अपूर्णांक घ्या. १/३ अधिक १/४, बरीच मुलं वर १ आणि १ मिळवतात, खाली ३ आणि ४, उत्तर २/७. आधी आम्ही 'भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज समजणे' असं लिहून पूर्ण पद्धत शिकवायचो आणि मुलं पद्धत पाठ करायची. मॅडमनी ओळ बदलली, 'मूल २/७ हे उत्तर चूक का ते कागदाच्या पट्ट्यांनी दाखवेल आणि मग बरोबर उत्तर काढेल'. २/७ तर १/३ पेक्षाही लहान आहे, मिळवून कमी कसं झालं? हा प्रश्न व्हिडिओत विचारायचा नि दहा सेकंद गप्प बसायचं. आता पट्ट्या लागणार हे ओळीतूनच कळलं, १२ घरांच्या पट्ट्या, ४ घरं आणि ३ घरं मिळून ७/१२. ग्राफिक्सचा खर्च वाचला, पुठ्ठा आणि कात्री पुरली.

व्हिडिओ किती मिनिटांचा हवा हे सगळे विचारतात. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या व्हिडिओंचा अभ्यास केला होता, व्हिडिओ बघितल्याच्या ६९ लाख नोंदी होत्या, आणि व्हिडिओ कितीही लांब असला तरी निदान निम्मे बघणारे सहा मिनिटांच्या वर टिकत नव्हते. आम्ही आधी याचा अर्थ 'सहा मिनिटांत कापा' असा घेतला आणि १४ मिनिटांचं सहात बसवायला घाईनं बोलायला लागलो, ते तर अजूनच वाईट. आता एका व्हिडिओला एकच ओळ ठेवतो, मिनिटं आपोआप आटोक्यात येतात.

'कोण' या प्रश्नानं एकदा चांगलाच धडा दिला. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेत दुसरीच्या मुलांना गोष्ट दाखवून चित्रं क्रमानं लावायला सांगितली, बऱ्याच जणांना जमेना. आम्हाला वाटलं क्रम कळला नाही. तिथल्या सरांनी तीच गोष्ट पावरीत, म्हणजे मुलांच्या घरच्या आदिवासी बोलीत, सांगितली, आणि मुलांनी पटापट लावली. त्यांना क्रम येत होता, आमची मराठी येत नव्हती. घरची भाषा कुठली हे तेव्हापासून कागदावर पहिल्या ओळीत लिहितो, अहिराणी असो, पावरी असो की तावडी.

यात धंद्याचं नुकसान झालं का? थोडं झालं. एका क्लासवाल्यांना महिन्यात ४० व्हिडिओ हवे होते, उद्दिष्ट वगैरे नको, सरांनी बोलायचं तुम्ही शूट करायचं. पैसे चांगले होते, आम्ही दोन रात्री विचार करून नाही म्हटलं, त्या महिन्यात हात तंगीतच गेला. आता कोटेशनमध्ये कागदाच्या कामाचे दोन दिवस वेगळे लावतो, काही क्लायंट तिथेच थांबतात. जे राहतात ते दुसऱ्या कामाला स्वतःच ओळ लिहून आणतात, याचा मला मनापासून आनंद होतो.

सध्या केळीवरच्या हरण्या रोगाचं काम चालू आहे, रावेर-यावल भागासाठी. क्लायंटनं 'जागृती' लिहून पाठवलंय. आमच्या कागदावर दोन ओळी आहेत आणि त्यावरून तीन दिवस वाद चाललाय. मॅडम म्हणतात शेतकऱ्यानं कोवळ्या पानावरचे पिवळे पट्टे ओळखून ते अन्नद्रव्यांच्या कमतरतेपेक्षा वेगळे काढले पाहिजेत. मावसभाऊ म्हणतो ओळखून उपयोग काय, रोगट झाड मुळासकट उपटून नष्ट केलं पाहिजे, नाहीतर मावा ही कीड रोगाचा विषाणू शेजारच्या झाडावर नेणारच. मला वाटतं दोन व्हिडिओ होतील. रविवारी दोन्ही प्रकारची पानं आणायला सावद्याकडे चाललोय, एका बागायतदार अण्णांनी सकाळी सातच्या आत या म्हणून सांगितलंय, नंतर ऊन सोसत नाही.