दोन खोल्यांच्या घरातील झुरळे आणि शाळूतील सोंडे

सांगलीच्या गावभागात दुसऱ्या मजल्यावर आमचे दोन खोल्यांचे घर आहे. स्वयंपाकघर इतके अरुंद आहे की ओटा, फ्रीज आणि गॅसचे सिलिंडर यांच्यामध्ये हात घालून पुसण्याइतकीही जागा उरत नाही. गेल्या पावसाळ्यात एका रात्री पाणी प्यायला उठले आणि दिवा लावताच मिक्सरच्या मागून सात-आठ बारीक झुरळे सैरावैरा पळाली. त्यानंतरचे चार महिने मी याच एका गोष्टीच्या मागे होते.

पहिली चूक फवारणीची झाली. पेस्ट कंट्रोलची माणसे आली, ओट्याखाली आणि ट्रॉलीत औषध मारून गेली, दोन दिवस घरात वास राहिला आणि मेलेली झुरळे केरसुणीने गोळा करताना मला फार समाधान वाटले. तिसऱ्या आठवड्यात तीच झुरळे झोपायच्या खोलीत, कपाटाच्या बिजागरीत दिसू लागली. फवारणीच्या बऱ्याच औषधांनी झुरळे मरतात तशीच बिथरतातही, आणि जी वाचतात ती जिथे औषध पोहोचलेले नाही अशा फटीत जाऊन बसतात. शिवाय अंड्यांच्या डबीवर अशा औषधाचा फारसा परिणाम होत नाही. एका डबीत तीस-चाळीस अंडी असतात, आणि मादी ती डबी पिल्ले बाहेर पडण्याच्या वेळेपर्यंत पोटाला चिकटवूनच हिंडते.

आपल्या घरातले झुरळ कोणते, हे आधी ओळखायला हवे. मोरीच्या जाळीतून वर येणारे, बोटभर लांबीचे तांबडे झुरळ गटारात वाढते. ऑगस्ट २०१९ च्या महापुराचे पाणी ओसरल्यावर आमच्या इमारतीत अशी झुरळे ढिगाने वर आली होती. त्यांच्यासाठी मोरीला बारीक जाळी आणि पाणी साचून राहणारा ट्रॅप बसवला की बरेचसे काम होते. ओट्याजवळचे झुरळ मात्र जेमतेम अर्ध्या इंचाचे, फिकट तपकिरी आणि डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेले असते. याला जर्मन झुरळ म्हणतात. ते बहुधा गटारातून येत नाही, सामानाबरोबर घरात शिरते. आमच्याकडे ते कसे आले हे खात्रीने सांगता येणार नाही, पण माझा संशय दिवाळीत तासगावहून आलेल्या बेदाण्याच्या रिकाम्या खोक्यांवर आहे. ती मी कांदे-बटाटे ठेवायला उपयोगी म्हणून जपली होती, आणि पुठ्ठ्याच्या नळीदार थरात झुरळांना हवा तसा आडोसा मिळतो.

रात्री अकरा वाजता दिवे बंद करून, अर्ध्या तासाने बॅटरी घेऊन मी स्वयंपाकघरात बसले. फ्रीजच्या दाराच्या रबरात, सिंकखालच्या पाइपाभोवती आणि ट्रॉलीच्या रुळात चहाच्या भुकटीसारखे काळे कण होते. ती झुरळांची विष्ठा असते, आणि जिथे ते कण दाट तिथेच त्यांची वस्ती. सिंकखालचा वॉशर झिजून थेंब-थेंब पाणी गळत होते, हेही त्याच रात्री दिसले. झुरळ अन्नावाचून जितके दिवस काढते तितके पाण्यावाचून काढू शकत नाही, म्हणून मी सर्वप्रथम वॉशर बदलून घेतला, पाइपाभोवतीचे भोक पांढऱ्या सिमेंटने बुजवले, आणि रात्री झोपण्यापूर्वी ओटा व सिंक कोरड्या फडक्याने पुसायचा नेम धरला. खरकटी भांडी सकाळसाठी ठेवणे बंद केले, आणि घंटागाडी सकाळी येत असल्यामुळे ओल्या कचऱ्याचा डबा रात्री घट्ट झाकून ठेवू लागले. खोकी सगळी रद्दीत गेली.

त्यानंतर जेल, म्हणजे झुरळांना खायला घालायचे विषारी आमिष, वापरले. त्याचे ठिपके ज्वारीच्या दाण्याएवढे लहान असावेत आणि काळे कण दिसतात त्याच फटींत, मुलांचा हात पोहोचणार नाही असे द्यावेत. झुरळ ते खाऊन आपल्या फटीत परतते आणि तिथे मरते; त्याची विष्ठा आणि मृत शरीर खाऊन बाकीचीही मरतात. या काळात त्या जागी स्प्रे किंवा फिनेल अजिबात वापरू नये, कारण वासामुळे झुरळे जेलला तोंडच लावत नाहीत. ठिपके वाळले की बदलावे लागतात. तरीही महिनाभर झुरळे पूर्ण जाईनात, तेव्हा खालच्या मजल्यावरील काकूंशी बोलले. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांचा डक्ट एकच आहे आणि त्यांनाही तोच त्रास होता. एकाच दिवशी दोन्ही घरांत जेल लावले, तेव्हा कुठे फरक पडला.

दुसरा प्रश्न धान्याचा. जतहून दरवर्षी शाळू (रब्बीची ज्वारी) येतो आणि पावसाळ्यात त्याला सोंडे, म्हणजे दाणे पोखरणारे बारीक किडे, लागतात. मादी दाण्याला छिद्र पाडून आत अंडे घालते व छिद्र बुजवते, त्यामुळे चाळून दिसणारे सोंडे काढले तरी आतली अळी तशीच राहते. म्हणून धान्य मे महिन्याच्या कडक उन्हात गच्चीवर पातळ पसरून वाळवावे, पूर्ण निवल्यावरच कोरड्या डब्यात भरावे, आणि जुन्या धान्यावर नवे कधीही ओतू नये. तांदळाला बोरिक पावडर चोळून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे, ती मला मुळीच मान्य नाही. ही पावडर फटीत झुरळांसाठी पातळ भुरभुरावी. खाण्याच्या वस्तूत तिचे काम नाही.

धान्यात टाकायच्या विषारी गोळ्यांविषयी मात्र मी कळकळीने सांगते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून हवेतील ओलाव्यामुळे फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही, आणि लहान फ्लॅटमध्ये तो दाराखालून व डक्टमधून शेजारच्या घरापर्यंत पोहोचून झोपेतील माणसांचा जीव घेऊ शकतो. या गोळ्या प्रशिक्षित लोकांसाठीच आहेत आणि राहत्या घरात ठेवण्याच्या नाहीत, मग त्या गावाकडून कोणी कितीही प्रेमाने पाठवलेल्या असोत. घरात अशी गोळी वापरली असेल आणि लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला, मळमळू लागले किंवा छाती भरून आली, तर डबा शोधत बसू नये. सर्वांना घेऊन तत्काळ बाहेर पडावे, शेजाऱ्यांना उठवावे आणि दवाखान्यात गेल्यावर कोणती गोळी वापरली होती हे डॉक्टरांना आधी सांगावे.